आधी प्रवेशाचं रजिस्टर दाखवा

कॅथलिक शाळांवरचा वाद जगात कुठेही सुरू झाला, तरी तो फिरून फिरून भिंतीवरच्या क्रूसापाशी येतो. वर्गात क्रूस असावा का, सकाळची प्रार्थना सगळ्यांनी म्हणावी का, दुसऱ्या धर्माच्या मुलाला धर्मशिक्षणाच्या तासाला बसवावं का. इटलीत सोइले लाउत्सी या आईने मुलांच्या वर्गातला क्रूस उतरवावा म्हणून थेट स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाचं दार ठोठावलं. 2009 साली न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि 2011 साली त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने 15 विरुद्ध 2 मतांनी तो फिरवला. गंमत म्हणजे ती शाळा सरकारी होती, चर्चची नव्हतीच. तरी श्रद्धा, शाळा आणि मूल्यं यांवर युरोपभर रणकंदन झालं, आणि ते शमल्यावर दोन्ही बाजूंचे लोक आधी जिथे उभे होते तिथेच उभे होते.

मला या वादात रस नाही, कारण क्रूस स्वस्त आहे. खिळा ठोकला की काम झालं. फाटकातला संताचा पुतळा, लॅटिनमधलं ब्रीदवाक्य, माहितीपत्रकातले सेवा, करुणा, सर्वांगीण विकास वगैरे शब्द, यांतल्या कशासाठीही शाळेला पदरमोड करावी लागत नाही. शाळेची मूल्यं कळतात ती तिने स्वतःच्या खिशाला खार लावून काय केलं त्यावरून. कुणाला आत घेतलं, कुणाला नाकारलं, नववीत वांड झालेल्या पोराच्या हातात दाखला ठेवला की त्याला सांभाळून घेतलं, हे सगळं शाळेच्या कपाटातल्या रजिस्टरांत लिहिलेलं असतं. अशा शाळेला पगाराचे पैसे देणाऱ्या, कायद्यातून सूट देणाऱ्या किंवा नुसती आपली मुलं तिच्या हवाली करणाऱ्या समाजाने ती रजिस्टरं मागावीत. प्रार्थना शाळेची शाळेपाशी राहू द्यावी. अट एकच, मुलाला ती न म्हणण्याची मोकळीक हवी.

हे म्हणताना अशा शाळेच्या आत जे चालतं ते मला फालतू वाटत नाही, हे आधीच सांगतो. उलट बारा ते अठरा या वयाबद्दल या शाळांना काहीतरी उमगलेलं आहे. हे वय मोठे प्रश्न विचारण्याचं असतं आणि बहुतेक शाळा त्या वयात मुलांपुढे फक्त प्रश्नपत्रिका ठेवतात. कॅथलिक शाळेच्या वेळापत्रकात निदान आठवड्याचे काही तास असे असतात, की जिथे मेल्यानंतर काय होतं, चांगल्या माणसाच्या वाट्याला दुःख का येतं, शत्रूला क्षमा करणं शहाणपणाचं आहे का, यावर बोलायला अधिकृत परवानगी असते. परवानगी असली तरी बोलणं होतंच असं नाही. तो सगळा शिक्षकाचा मामला आहे.

असा एक तास डोळ्यांपुढे आणा. शेवटच्या बाकावरची मुलगी विचारते, ‘बाप्तिस्मा होण्याआधीच बाळ गेलं तर ते कुठे जातं?’ तिच्या घरी तसं काही घडलेलं असू शकतं, नसूही शकतं. एक शिक्षक घड्याळाकडे बघून म्हणतो, हे आपल्या धड्यात नाही. दुसरा फळ्याला पाठ टेकून खरी गोष्ट सांगायला घेतो: जुना धर्मपंडित संत ऑगस्टीन याबाबत फार कठोर होता, जन्मासोबत येणारं मूळ पाप धुतलं गेलं नाही म्हणजे नरकच, मग तो कितीही सौम्य असो, असं त्याचं मत. मध्ययुगातल्या विद्वानांना ते सहन होईना, म्हणून त्यांनी ‘लिंबो’ नावाची एक मधली जागा कल्पिली, जिथे दुःख नाही, पण देवाचं दर्शनही नाही. आणि 2007 साली व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने म्हटलं, की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे. मुलगी विचारते, ‘म्हणजे आधीचे चुकले होते?’ तो शिक्षक हसतो आणि म्हणतो, चर्च हा शब्द वापरणार नाही, तू वापरू शकतेस.

पंधराव्या वर्षी त्या मुलीला कळतं, की मोठी माणसं एखाद्या प्रश्नाशी दीड हजार वर्षं झुंजू शकतात आणि शेवटी थोडी मऊ होऊ शकतात. मूल्यशिक्षणाच्या छापील पुस्तकातून हे मिळत नाही. श्रद्धा असो-नसो, हा तास तिला आयुष्यभर पुरेल. धर्मशिक्षणावर सरसकट आक्षेप घेणारे माझे निधर्मी मित्र हा तास कधी बघत नाहीत, आणि धर्मशिक्षणाचं सरसकट कौतुक करणारे पहिल्या शिक्षकाचा तास बघत नाहीत.

रिट्रीट नावाच्या शिबिराबद्दल मात्र माझं मत इतकं साफ नाही. वरच्या वर्गातल्या मुलांना दोन-तीन दिवस शाळेपासून लांब नेतात, फोन काढून घेतात, शांतता पाळायला लावतात, रात्री गोल करून बसवतात. काही ठिकाणी आईवडिलांकडून गुपचूप पत्रं लिहून घेतलेली असतात आणि ती शेवटच्या दिवशी मुलांच्या हाती देतात. ज्या बापाने आयुष्यात ‘तुझा अभिमान वाटतो’ असं तोंडाने म्हटलेलं नसतं, त्याच्या हस्ताक्षरात ते वाचून धटिंगण पोरं ढसाढसा रडतात. हे खरंच सुंदर आहे. आणि थकलेल्या, झोप न झालेल्या मुलांना एकत्र बसवून रडवणं हे तंत्रही आहे, ते कुणाच्या हातात आहे यावर सगळं अवलंबून. सोमवारी शाळा भरल्यावर तीच पोरं कालच्या त्या अबोल, चिडवल्या जाणाऱ्या वर्गमित्राशी कशी वागतात, ते बघितल्याशिवाय मी रिट्रीटला गुण द्यायला तयार नाही.

पण तास काय आणि रिट्रीट काय, हे सगळं आत आलेल्यांसाठी. आत कोण येतं, हा प्रश्न या शाळांच्या जन्मापासूनचा आहे, आणि त्याचं उत्तर देताना सगळ्यात मोठी किंमत मोजली ती फ्रान्समधल्या ज्याँ-बाप्तिस्त द ला साल याने. 1651 साली रँसमधल्या श्रीमंत घरात जन्मलेला, तिथल्या कॅथीड्रलमध्ये मानाचं आणि उत्पन्नाचं पद असलेला हा तरुण धर्मगुरू. गरिबांच्या शाळेत शिकवणारे मास्तर म्हणजे त्या काळी अर्धशिक्षित, फाटके लोक. त्यांना आपण आपल्या नोकराहून खालचे समजत होतो, असं त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलंय. त्याने आधी त्यांना जेवायला घरी बोलावलं, मग 1681 साली राहायलाच आणलं. नातेवाईक बिथरले, धाकट्या भावांना घरातून काढून घेऊन गेले. इकडे मास्तरांना तो सांगे, उद्याची चिंता करू नका, देव बघून घेईल. त्यांनी त्याला रोखठोक सुनावलं: तुमच्याकडे पद आहे, इस्टेट आहे, शाळा बुडाल्या तर तुमचं काय जातंय? यावर त्याने प्रवचन दिलं नाही. 1683 साली पद सोडलं, आणि पुढच्या दुष्काळात स्वतःची इस्टेट भाकरी वाटण्यात घालवली.

त्याच्या शाळा फुकट होत्या आणि वाचन लॅटिनऐवजी फ्रेंचमधून सुरू होई, कारण सुताराच्या पोराला लॅटिनशी काय करायचंय? पण मला त्याच्या चरित्रातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती पॅरिसमधल्या खटल्यांची. तिथे सुलेखन शिकवणाऱ्या मास्तरांचा संघ होता, त्यांची रोजीरोटी फीवर चाले. त्यांची तक्रार अशी, की फुकट शाळा गरिबांपुरती असायला हवी आणि हा माणूस ऐपत असलेल्यांची पोरंही घेतो. ला सालच्या वर्गात दोन्हीकडची मुलं एका बाकावर बसत, त्याला ती वेगळी करायची नव्हती. यावरून शाळांवर धाडी पडल्या, दंड झाले. प्रवेशाच्या रजिस्टरावरून कोर्टात खेचला गेलेला हा माणूस 1950 पासून कॅथलिक चर्चच्या लेखी शिक्षकांचा पाठीराखा संत आहे. त्याच्या नावाच्या शाळा आज जगभर आहेत. त्यांतल्या काहींच्या प्रवेशअर्जातला पालकांच्या उत्पन्नाचा रकाना त्याने वाचला असता, तर त्याच्या मनात काय आलं असतं कोण जाणे.

जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. 1548 साली सिसिलीतल्या मेस्सिनात त्यांनी संघाबाहेरच्या मुलांसाठी पहिलं मोठं विद्यालय काढलं, 1599 साली ‘रेशियो स्टुडिओरम’ नावाची अभ्यासाची नियमावली पक्की केली, आणि पुढची दोन शतकं युरोपातल्या वरच्या वर्गाला घडवलं. शिकवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हा त्यांचा नियम होता. राजे, नगरपालिका, धनिक यांच्या देणग्यांवर विद्यालयं चालत. कागदावर दार सताड उघडं. पण आत यायला लिहिता-वाचता यायला हवं असे, मुळाक्षरं ते सहसा शिकवत नसत. म्हणजे ज्याच्या घरी पंतोजी ठेवण्याची ऐपत नाही, तो उंबऱ्यावरच अडकला. नियम उदार आणि उंबरा उंच, ही जोडी पुढे शिक्षणाच्या इतिहासात फार वेळा भेटते. 1833 साली तो नियमही सैल झाला: देणगीदार राजे नसलेल्या अमेरिकेत विद्यालयं चालेनात, तेव्हा पोपच्या खास परवानगीने फी घेणं सुरू झालं. निर्णय व्यवहार्य होता, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्या दिवसापासून प्रवेशाच्या टेबलावर एक नवा प्रश्न येऊन बसला, तो आजतागायत उठलेला नाही.

मुलींच्या वाट्याला काय आलं तेही एका ओळीत सांगायला हवं. सतराव्या शतकात मेरी वॉर्ड या इंग्रज बाईने मुलींना जेझुइटांच्या धर्तीवर शिकवायला शाळा उघडल्या, तेव्हा 1631 साली पोपने तिचा संघच बरखास्त केला आणि तिला म्युनिकमधल्या एका मठात कैदेत टाकलं.

अमेरिकेत फीचा प्रश्न शंभर वर्षं झाकलेला राहिला, तो सिस्टरांमुळे. 1884 साली बाल्टिमोरला जमलेल्या बिशपांनी ठरवलं, की प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चभोवतीच्या वस्तीला, शाळा हवी. त्या शाळा उभ्या राहिल्या स्थलांतरित आयरिश, इटालियन, पोलिश मजुरांच्या चिल्लर देणग्यांवर आणि जवळजवळ बिनपगारी राबणाऱ्या हजारो नन्सच्या कष्टावर. 1960 च्या दशकाच्या मध्याला तिथल्या कॅथलिक शाळांत प्राथमिक-माध्यमिक मिळून पन्नास लाखांहून जास्त मुलं होती. आज ती सतरा लाखांच्या आसपास आहेत. नन्स कमी झाल्या, पगारी शिक्षक आले, त्यांना जगण्यापुरता पगार देणं भाग होतं, फी वाढली, शहरांच्या गरीब वस्त्यांतल्या शाळांना एकामागून एक कुलूप लागलं आणि उपनगरांतल्या टिकल्या. कुणी बसून असं ठरवलं नव्हतं. मूल्यं अशीच हातची जातात, ठराव करून कुणी ती सोडत नाही.

आणि नेमक्या याच काळात समाजशास्त्रज्ञांना तिथे काहीतरी विलक्षण दिसलं. 1982 साली जेम्स कोलमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सरकारी, कॅथलिक आणि इतर खासगी हायस्कूलांची तुलना केली आणि निष्कर्ष काढला, की कॅथलिक हायस्कूलांतली मुलं अभ्यासात पुढे आहेत, आणि गरीब, अल्पशिक्षित घरांतल्या मुलांना तिथे विशेष फायदा होतो. यावर भरपूर टीका झाली आणि ती रास्त होती: जे पालक धडपडून फी भरतात, त्यांची मुलं कुठेही थोडी चांगलीच शिकतील, त्याचं श्रेय शाळेला कसं द्यायचं? हा पेच आजही पुरता सुटलेला नाही. पण 1993 साली ब्राइक, ली आणि हॉलंड यांनी या हायस्कूलांच्या आत शिरून जे मांडलं, ते मला आकड्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. त्यांना दिसलं, की या शाळांत निवडीचे विषय कमी होते. गवंड्याच्या मुलाला ‘तुला झेपणार नाही’ म्हणून हलक्या गणिताकडे वळवण्याची सोयच तिथे फारशी नव्हती. बहुतेक सगळ्यांना तेच बीजगणित, तेच साहित्य. शिक्षक खेळ घेत, नाटक बसवत, मधल्या सुट्टीत भेटत. प्रत्येक मूल शिकू शकतं आणि त्याने शिकलंच पाहिजे, ही श्रद्धा वेळापत्रकात उतरलेली होती. धर्माचा तास तर या यशाच्या कारणांत मला दुय्यमच वाटतो. माणूस देवाची प्रतिमा आहे हे वाक्य त्या शाळांनी गणिताच्या तासाला खरं केलं, आणि यापेक्षा चांगलं धर्मशिक्षण मला तरी सुचत नाही.

चर्चला स्वतःला हे कळत नाही असंही नाही. 1977 साली रोमच्या शिक्षणविषयक खात्याने कॅथलिक शाळेवर एक दस्तऐवज काढला. त्यात स्पष्ट म्हटलंय, की अशी शाळा केवळ किंवा मुख्यतः धनिकांच्या मुलांकडे वळली, तर ती त्यांचं वर्चस्व पक्कं करायला आणि अन्यायी समाज चालू ठेवायला हातभार लावेल. त्याच्या चार वर्षं आधी, 1973 च्या जुलैत, जेझुइटांचे प्रमुख पेद्रो अरुपे स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात आपल्याच माजी विद्यार्थ्यांपुढे बोलायला उभे राहिले. अरुपे म्हणजे अणुबॉम्ब पडला तेव्हा हिरोशिमाच्या वेशीवर राहणारा, वैद्यकीचं शिक्षण कामी लावून जखमींवर उपचार केलेला माणूस. समोर डॉक्टर, वकील, उद्योगपती बसलेले. त्यांना त्यांनी विचारलं, की आम्ही तुम्हाला न्यायासाठी झटायला शिकवलं का? आणि उत्तरही स्वतःच दिलं: प्रामाणिकपणे बोलायचं तर, नाही. इतरांसाठी जगणारी माणसं घडवायची, ही आज प्रत्येक जेझुइट शाळेच्या भिंतीवर दिसणारी घोषणा त्या भाषणातून आली. सभागृहातले बरेच जण संतापले, हेही त्याच भाषणाचं फळ, पण ते भिंतीवर लिहीत नाहीत.

त्यानंतरचे प्रयोग कमी असले तरी आहेत. 1996 साली शिकागोत मेक्सिकन वस्तीत जेझुइटांनी क्रिस्तो रेय नावाचं हायस्कूल काढलं. पालकांना फी परवडणार नाही हे माहीत होतं. तोडगा असा काढला, की चार मुलांनी मिळून शहरातल्या एखाद्या कचेरीतली एक पूर्णवेळ नोकरी वाटून घ्यायची, प्रत्येकाचा आठवड्यातला एक दिवस ठरलेला, उरलेला दिवस पाळीपाळीने, आणि कंपनी जो मोबदला देईल तो शाळेच्या खर्चाला. आज त्या नमुन्यावर चाललेल्या शाळा अमेरिकेत अनेक आहेत. मला या कल्पनेचं मनापासून कौतुक आहे आणि एक गोष्ट खुपतेही: गरिबाच्या पोराने पंधराव्या वर्षी आपल्या शिक्षणासाठी फायली लावायच्या आणि उपनगरातल्या त्याच संघाच्या शाळेतल्या पोराने त्या वेळात टेनिस खेळायचं. श्रमाला प्रतिष्ठा आहे असं शिकवायचं असेल, तर टेनिसवाल्यालाही एक दिवस कचेरीत धाडायला काय हरकत होती?

जिथे सरकार पैसे देतं, तिथे प्रवेशाचा प्रश्न खासगी राहत नाही. इंग्लंडमध्ये सरकारी खर्चाने चालणाऱ्या कॅथलिक शाळा अर्ज जागांपेक्षा जास्त आले, की कॅथलिक मुलांना आधी घेऊ शकतात. मग काही ठिकाणी धर्मगुरूची सही लागते, ही मुलगी नियमाने मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, येते अशी. त्यातून जे व्हायचं ते होतं. बाळाच्या बाप्तिस्म्याचं मनावर न घेणारे आईबाप शाळाप्रवेशाचं वय जवळ आलं, की रविवारी पुढच्या बाकावर दिसू लागतात. ‘गुडघे टेका, फी वाचवा’ अशी थट्टाच आहे तिथे. फादरलाही कळतं, पण सही नाकारायची कशी? श्रद्धेचं असं हजेरीपत्रक करण्याने श्रद्धेचंच सगळ्यात जास्त नुकसान होतं, असं मला, श्रद्धा नसलेल्या माणसाला, वाटतं. त्याहून बोचरी गोष्ट नियमाच्या पोटात आहे. आईबापांपाशी न राहता सरकारच्या देखरेखीखाली वाढणाऱ्या मुलांना इतर शाळांत सर्वांत आधी प्रवेश द्यावा लागतो. धर्माधिष्ठित शाळेला मात्र अशा मुलांतही आपल्या धर्माचं आणि परक्या धर्माचं असा भेद करून दुसऱ्याला रांगेत मागे ठेवण्याची मुभा आहे. सगळ्या शाळा ती वापरत नाहीत. जी वापरते, तिने परक्या जखमीला उचलून घेणाऱ्या भल्या शोमरोन्याचा बायबलातला दाखला शिकवताना जरा जपून शिकवावा.

कॅनडातल्या ऑन्टारियोत तर कॅथलिक हायस्कूलांना सरकार पूर्ण खर्च देतं आणि इतर कुठल्याच धर्माच्या शाळांना देत नाही. 1999 साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने हा भेदभाव आहे असं ठरवलं, तरी व्यवस्था आजही तशीच आहे. 2002 साली तिथल्या एका कॅथलिक हायस्कूलने सतरा वर्षांच्या मुलाला निरोपसमारंभाच्या नृत्याला आपल्या मित्राबरोबर यायला मनाई केली. तो कोर्टात गेला, न्यायाधीशाने तातडीचा आदेश दिला आणि दोघे त्या संध्याकाळी गेले. समलिंगी संबंधांबाबत चर्चची शिकवण काय आहे ती सर्वांना ठाऊक आहे, आणि ती शिकवण्याचा शाळेला हक्क आहे असंही मी मानतो. पण वर्गात शिकवण सांगणं वेगळं आणि सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या सभागृहाचं दार एका मुलाच्या तोंडावर लावणं वेगळं.

शिस्तीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुढे जाऊ शकत नाही. पालक अशा शाळेकडे ओढले जातात ते बहुधा शिस्तीपायीच. एकोणिसाव्या शतकात तूरिनमध्ये रस्त्यावरची पोरं गोळा करून शिकवणाऱ्या डॉन बॉस्कोने 1877 साली आपली पद्धत लिहून काढली: विवेक, धर्म आणि माया या तिघांच्या जोरावर मुलाला चूक करण्याआधीच सावरायचं, मारायचं नाही. त्याच चर्चच्या छत्राखाली आयर्लंडमध्ये काय चाललं होतं ते 2009 सालच्या रायन आयोगाच्या अहवालात आहे. धर्मसंघांनी चालवलेल्या औद्योगिक आणि सुधारशाळांत मारहाण हा अपवाद नव्हता, रोजचा कारभार होता. त्या तर निराधारांच्या संस्था होत्या, साध्या शाळांचं तसं नाही, असा बचाव काही वर्षं चालला. 2024 च्या सप्टेंबरात आलेल्या सरकारी प्राथमिक चौकशीने तोही संपवला: धर्मसंघांच्या 308 शाळा, 884 जणांवर आरोप, लैंगिक अत्याचाराच्या 2,395 तक्रारी. यात नावाजलेल्या, भरपूर फी घेणाऱ्या शाळाही होत्या. या सगळ्या शाळांच्या भिंतींवर क्रूस होता. रोज प्रार्थना होत होती. तक्रार करणाऱ्या मुलाला खोटं पाडणं आणि संबंधित ब्रदरची दुसऱ्या शाळेत बदली करणं, हे संस्थेचं नाव जपण्याचं काम मात्र मन लावून झालं. म्हणून म्हणतो, भिंत बघू नका, तक्रारवही बघा. ती कोण ठेवतं, कोण वाचतं आणि शाळेबाहेरच्या कुणाला ती उघडता येते का.

ज्या इटलीत क्रूसावरून खटला झाला, तिथेच एका धर्मगुरूने भिंतीऐवजी रजिस्टर बघणं फार पूर्वी करून दाखवलं होतं. लोरेन्झो मिलानी याने फ्लॉरेन्सजवळच्या एका पॅरिशमध्ये मजुरांसाठी रात्रशाळा काढली, तेव्हा वर्गातला क्रूस स्वतःच्या हाताने उतरवून ठेवला. कम्युनिस्ट घरातला पोरगाही बिनदिक्कत आत यावा, एवढाच हेतू. वरिष्ठांनी त्याला 1954 साली बार्बियाना नावाच्या डोंगरातल्या वस्तीवर पाठवलं, म्हणजे जवळजवळ हद्दपारच केलं. तिथे त्याने सरकारी शाळांनी नापास करून घरी बसवलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांना घेऊन शाळा चालवली. वर्षाचे सगळे दिवस, रविवारसुद्धा. 1967 साली त्या पोरांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून पत्र लिहिलं, ते पुस्तकरूपाने जगभर गेलं. त्यात कोणत्या वर्गात किती मुलं नापास झाली, कुणाची, बापाचा धंदा काय, याचे तक्ते आहेत. डोंगरातल्या पोरांनी देशाच्या शिक्षणव्यवस्थेचं रजिस्टर उलगडून दाखवलं. हकालपट्टी झालेल्यांची यादी हाच शाळेचा खरा निकाल, हे त्यांनी मांडलं ते कुठल्याही धर्मखात्याने त्यांच्याइतकं स्वच्छ मांडलेलं नाही.

यावर शाळाचालकांचा आक्षेप मला माहीत आहे. आम्ही धर्माची शाळा काढली ती आमच्या मुलांसाठी, सगळ्यांनाच घेतलं तर कॅथलिकपण उरेल कुठे? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण आशियातल्या बहुतेक देशांत कॅथलिक शाळांतली बहुसंख्य मुलं कॅथलिक नसतातच, आणि त्या शाळांची ओळख पुसली गेली असं त्यांचे बिशपही म्हणत नाहीत. धोका दुसरीकडे आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली दोन कॅथलिक शाळांतल्या शिक्षिकांच्या खटल्यांत ठरवलं, की धर्म शिकवण्याची जबाबदारी असलेल्या शिक्षकाला नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या कायद्यांचं संरक्षण मिळणार नाही. त्यातल्या एकीचं म्हणणं होतं, की कर्करोगाचं निदान कळवल्यावर तिचा करार वाढवला गेला नाही. खरं-खोटं तपासण्यापर्यंत प्रकरण गेलंच नाही, कारण शाळेला धर्मस्वातंत्र्य आहे. असेल. पण स्वातंत्र्य मिळालं म्हणून आजारी शिक्षिकेशी कसं वागायचं या प्रश्नातून शाळा सुटत नाही. तिचं कॅथलिकपण तपासायची याहून योग्य जागा कोणती?

कायद्यात काय लिहिलंय यापेक्षा काय उघड करावं लागतं याला वजन जास्त असतं, हे फ्रान्समध्ये दिसलं. 1959 च्या दब्रे कायद्यानुसार करार केलेल्या खासगी शाळांना, म्हणजे बहुतांशी कॅथलिक शाळांना, सरकार शिक्षकांचे पगार देतं आणि बदल्यात त्यांनी कुठल्याही मतपंथाचं मूल नाकारायचं नाही, त्याच्या विवेकस्वातंत्र्याचा मान राखायचा. धर्माच्या बाबतीत ही अट पुष्कळ अंशी पाळली गेली. वर्गाच्या, पैशाच्या बाबतीत कायदा गप्प होता, आणि तिथेच शाळा हळूहळू सुखवस्तू होत गेल्या. साठ वर्षं याची नुसती कुजबुज चाले. 2022 च्या ऑक्टोबरात, प्रशासकीय न्यायालयाच्या निकालामुळे, शिक्षण मंत्रालयाला शाळावार विद्यार्थ्यांच्या सामाजिक स्थितीचा निर्देशांक जाहीर करावा लागला. कोणत्या शाळेत कुणाची मुलं बसतात ते कुणालाही दिसू लागलं, आणि खासगी व सरकारी शाळांमधली दरी कागदावर उतरली. 2023 च्या मेमध्ये, म्हणजे अवघ्या सात महिन्यांत, कॅथलिक शिक्षणसंस्थेने सरकारशी लेखी समझोता करून शिष्यवृत्तीधारक मुलांची संख्या वाढवण्याचं मान्य केलं. समझोता बंधनकारक नाही, टीकाकारांना तो फुळकवणी वाटतो आणि त्यांचं फारसं चुकत नाही. पण 1984 साली याच शाळांवर सरकारी अंमल आणू पाहणारा कायदा रस्त्यावर उतरलेल्या लाखो पालकांपुढे मागे घ्यावा लागला होता. या वेळी रस्त्यावर कुणी आलं नाही. आकडे छापले गेले होते, आणि आमच्या शाळेत कोण शिकतं हे लोकांना कळता कामा नये, असा मोर्चा कुठल्याच शाळेला काढता येण्यासारखा नव्हता.